कचारगडची गुहा : पर्यटन गावानं चालवावं का?

सीताबर्डीकर
गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड म्हणजे गोंड समाजाचं मूळ ठाणं. कली कंकाली मातेची ३३ लेकरं, म्हणजे गोंडांचे पूर्वज, या गुहेत कोंडली होती, हिरासुका पाटालीर या वादकानं त्यांच्या सुटकेसाठी जीव दिला, ही श्रद्धा. माघ पौर्णिमेच्या यात्रेला छत्तीसगड, मध्य प्रदेशातूनही लोक येतात. एरवी पायथ्याच्या धनेगावाला त्यातून काय मिळतं? वाटाडे, जेवण, मुक्काम, वाहनतळ गावानंच चालवावं, पैसा ग्रामसभेच्या खात्यात जावा. ठेकेदार नकोच. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा कारभार करून दाखवलाच ना.

कोयतूर
जय सेवा. भाऊ, बांबू कापला तर पुन्हा येतो, गेलेलं पावित्र्य येत नाही. आम्ही तिथं दर्शनाला जातो. तिकीट काढलेला माणूस हक्क सांगतो. चपला घालून, स्पीकर वाजवत आत शिरला तर त्याला गावातलं पोरगं कसं अडवणार? उद्या तोच इंटरनेटवर गावाला कमी तारे देईल, म्हणून पोरगं गप्प बसेल. माझा विरोध आहे.

मानेवाडा
अडवायचा अधिकार कायद्यात आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ५ : सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा येऊ न देणं हे ग्रामसभेचंच काम. आणि पैशापुढे गाव झुकतंच असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तेंदूपानांचं उत्पन्न सोडलं, कारण पानांसाठी झाडं छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात.

अजनीची ताई
पावित्र्यावर सगळे बोलता, बायांच्या संडासावर कोणीच नाही! यात्रेत लेकरू कडेवर घेऊन चढणाऱ्या बाईला आधी पाणी आणि आडोसा लागतो. तेवढ्यासाठी तरी पैसा यायलाच हवा.

रानवाटा
झोतदिवे मात्र नकोत. गुहेतली वटवाघळं उजेडानं, गोंगाटानं जागा सोडतात.

कोयतूर
ताईचं पटलं. मग पैसे पायथ्याशी गाडीचे घ्या, गुहेचे नको. यात्रेचे दिवस पर्यटकांना बंद. आत कुठवर जायचं ते भुमका, म्हणजे आमचा पुजारी, सांगेल.

सीताबर्डीकर
यात्रेत बंद, मान्य. पण भुमका एकटाच का? वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया लागतात. त्यांनाही ठरवू द्या.

कोयतूर
पैशाचा हिशेब ग्रामसभेनं खुशाल ठरवावा. पूजेची वेस हात वर करून ठरत नाही, राजेहो. यावर मी मागे हटणार नाही.