गिअरबॉक्स परत बसवला, आता ऑइल किती आणि कुठलं? (व्हर्ना ऑटोमॅटिक, कोल्हापूर)

पेठेतला पोरगा
मंडळी जरा मदत करा. २०१२ ची व्हर्ना पेट्रोल, ४ गिअरची ऑटोमॅटिक हाय. कन्व्हर्टरजवळचं (इंजिनची ताकद ऑइलमधनं गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) सील गळत होतं म्हणून एका गॅरेजात गिअरबॉक्स खाली उतरवला, सील बदललं, परत चढवला आणि पाच लिटर ऑइल घालून बॉनेट बंद करून गाडी हातात दिली. गावात बरी चालली. रविवारी घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला निघालो तर वाघबीळच्या चढाला आरपीएम साडेतीन हजार आणि गाडी जाग्यावरच, मागं एसटी हॉर्न मारतीय, पोरं विचारत्यात बाबा काय झालं. तिथनंच फिरवली. आता रिव्हर्स टाकलं की दोन-तीन सेकंदानं धक्का देऊन लागतंय. बॉक्स गेला का ऑइल कमी हाय?

होंडावाला
इंजिन बंद करून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बघ की भावा, माझ्या गाडीला मी तसंच बघतोय. पाच लिटर म्हणजे भरपूर झालं, सर्व्हिसिंगला तेवढं पण लागत नाही.

उद्यमनगरचा तात्या
होंडावाले, तुमच्या होंडाला ते बरोबर हाय, तिथं गरम करून इंजिन बंद करूनच बघायचं असतंय. ह्या गाडीला इंजिन चालू पाहिजे. बंद केलं की ऑइल खाली उतरतंय, काडीवर फुल दिसतंय, आणि माणूस फसतोय.
आणि पोरा, सर्व्हिसिंगला प्लग उघडून निघतंय ते अर्ध्याच्या आसपास, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पायपात राहतंय. तुझा बॉक्स खाली उतरलेला, कन्व्हर्टर पालथा करून रिकामा केलेला असणार. मग पूर्ण माप लागतंय, मॅन्युअलमध्ये बघ, ६.८ लिटर दिलंय. खरं तर बसवायच्या आधीच कन्व्हर्टरमध्ये लिटरभर ऑइल ओतायचं आणि तो फिरवत फिरवत आत ढकलायचा, खट खट करत टप्प्याटप्प्यानं बसतोय. पूर्ण न बसवता नट आवळले की बॉक्सातला ऑइल पंप फुटतोय. तुझी गाडी चालतीय म्हणजे तेवढं तरी नीट केलंय.
आता असं कर. गाडी सपाटीला, हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर. इंजिन चालू ठेवून पाव-पाव लिटर घालत जा, मध्ये मध्ये P पासून खालपर्यंत प्रत्येक गिअरला दोन-चार सेकंद थांबून परत वर. मग दहा-पंधरा मिनिटं सपाट रस्त्यावर हळू फिरव, ऑइल ७० ते ८० डिग्री गरम झालं पाहिजे, आणि तेव्हा लिव्हर N ला ठेवून काडीवर HOT च्या खुणांच्या मधे बघ. COLD ची खूण नुसती अंदाजाला. काडी पुसायला धागे सुटणारं फडकं घेऊ नको. आणि घाईनं जास्त पण ओतू नको, आतले गिअर ते घुसळून फेस करत्यात, फेसाला प्रेशर नसतंय, मग परत हेच रडगाणं.

राजारामपुरीतली
ऑइल SP-III च (ह्या गिअरबॉक्सच्या ऑइलचा ग्रेड) घ्या, सीलबंद डब्यातलं, डब्यावर वाचून. तांबडं दिसलं म्हणून सगळं एकच नसतं, आमच्या जुन्या गाडीत "हे पण तेच हाय ओ ताई" म्हणत कुठलंतरी सुटं घातलं आणि महिन्यात गिअर धडधडायला लागले. काडीवर ऑइल तांबड्या रश्शासारखं स्वच्छ असेल तर ठीक. तांबडा-पांढरा एकत्र ओतल्यासारखं दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत गेलंय, मग गाडी चालवूच नका. काळं आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटा.

पेठेतला पोरगा
तांबडंच हाय, वास नाही. पण इंजिन चालू ठेवून काडी काढली तर टोकाला जेमतेम थेंब 😬 गॅरेजला फोन केला तर म्हणाला सर्व्हिसला एवढंच घालतो. कूलर फ्लश करावा लागंल का?

उद्यमनगरचा तात्या
नुसतं सील गेलं होतं, क्लच जळला नव्हता, मग नको. बॉक्स जळला असता तर कूलर धुतल्याशिवाय बसवायचा नसतोय, जुना कचरा सगळा नव्या बॉक्सात येतोय. तोवर चढाला नेऊ नको. आणि टोचन लावायची वेळ आली तर पुढची चाकं उचलून, नायतर सरळ गाडीवर गाडी घालून आण.

पेठेतला पोरगा
तात्या, झालं! दीड लिटर बसलं, म्हणजे एकूण साडेसहा. एक लिटर घालेपर्यंत पंपाचा बारीक कुईं आवाज येत होता, तो मधेच बंद झाला, तिथंच जीव भांड्यात पडला. रिव्हर्स आता लगेच लागतंय. काल सकाळी एकटाच वाघबीळ चढून आलो, खाली येऊन गरम असतानाच परत बघितलं, खुणेच्या मधोमध. घरच्यांना अजून सांगितलं नाही, नायतर आजच चला म्हणतील.

होंडावाला
बॉक्सखाली पुठ्ठा टाकून ठेव रात्री, नवीन सील गळतंय का ते सकाळी कळंल.

पेठेतला पोरगा
टाकलाय. कोरडा हाय.