मुलाची जुनी रेसिंग कार्ट: डागडुजी करून चालवायची की बदलायची?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. पोरासाठी ओळखीतून सेकंडहँड कार्ट घेतली होती. ९५० मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) इटालियन चेसी म्हणजे फ्रेम, ३० मिमीचा अॅक्सल (मागच्या चाकांचा दांडा), रोटॅक्स मायक्रो मॅक्सचं (लहान मुलांच्या गटाचं) १२५ सीसी इंजिन, तेही ईव्हो ही सुधारित आवृत्ती यायच्या आधीचं. पोरगा आता अकरा पूर्ण करतोय, गुडघे स्टिअरिंगला घासतात. परवा गाडी धुताना सीटच्या आधारपट्टीपाशी वेल्डला केसाएवढी चीर दिसली.

माझं मत स्पष्ट आहे. चीर वेल्ड करायची, सीट मोठी घ्यायची, इंजिनाला ईव्हो किट टाकायचं आणि अजून दोन सीझन काढायचे. नवी चेसी म्हणजे आयात, त्यावर ड्युटी. तेवढ्या पैशात टायर आणि ट्रॅकफी किती होईल याचा हिशेब करा. मिसेस म्हणतात विकून टाका. बोला.

टूस्ट्रोक
वहिनींशी सहमत. अहो, कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. वळणात आतलं मागचं चाक जरासं उचललं गेलं नाही तर गाडी वळतच नाही, नुसती रेटत जाते. ते चाक कोण उचलतं? पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या खिळ्याचा तिरकेपणा) आणि पिळवटणारी चेसी. म्हणजे चेसी हीच स्प्रिंग. काही वर्षं कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) आपटून ती स्प्रिंग मेली की वर कितीही किट टाका, पोरगं कोपऱ्यात स्टिअरिंगशी झोंबत बसणार आणि बाप म्हणणार, "लाईन चुकतेय."

लेथवाला
चेसी मेली, चेसी मेली हे पॅडॉकमधलं आवडतं रडगाणं आहे. नॅशनलला पहिल्या पाचात येणाऱ्याला त्याने फरक पडतो. अकरा वर्षांच्या पोराचे लागोपाठचे दहा लॅप घड्याळावर लावून बघा, त्याच्याच दोन लॅपमध्ये अर्धा-पाऊण सेकंद इकडेतिकडे असतो. तिथं चेसीचा दोष कसा काढणार?

रंकाळाकाठ, तुम्ही कोल्हापुरात राहून वेल्डिंगची काळजी कसली करता? शिरोली एमआयडीसीत कुणाकडेही सरफेस प्लेट (एकदम सपाट तपासणीचा पाटा) मिळेल. इंजिन, सीट, अॅक्सल उतरवून नुसती फ्रेम त्यावर ठेवा. वाकली असेल तर लगेच डोलते. खालचे पाइप हाताने चाचपा, कर्बने घासून चपटे झालेत का बघा. सरळ असेल तर वेल्ड करा आणि पळवा. फक्त हा क्रोम-मॉलीचा (मिश्र पोलादाचा) पाइप आहे, गेटच्या ग्रिलवाल्याकडे नेऊ नका. टिग (नेमकं, बारीक वेल्डिंग) करणारा माणूस हवा, आणि वेल्ड करण्याआधी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायला सांगा, नाहीतर ती पुढं सरकते.

टूस्ट्रोक
आणि वेल्डच्या शेजारचा पट्टा उष्णतेने बदलतो, त्याचं काय? पुढच्या वेळी चीर तिथूनच जाणार. तुम्ही अॅक्सलही लेथवर कातून द्याल, खात्री आहे.

लेथवाला
अॅक्सल कातून देणार नाही. तो विकतच घ्यायचा, यात वाद नाही.

दोन_पोरांची_आई
दोघंही सेकंदावर भांडताय. माझी मुलगी कार्ट चालवते म्हणून विचारते. सीट मोठी घेणार म्हणजे कुणी बसवणार? सीट सैल असली की प्रत्येक वळणात बरगडी कडेवर आदळते. मग बरगडीचं जाकीट घातलं तरी पोर संध्याकाळी श्वास घेताना कळवळतं. आणि ही सीट ज्या पट्टीला बोल्ट केलीय, चीर नेमकी तिथंच आहे! शिवाय त्या गाडीचा पुढचा बंपर जुना, घट्ट बसणारा असेल. आघात झाला की मागे सरकणारा फेअरिंग (पुढचं प्लास्टिक कवच) सीआयके-एफआयएने, म्हणजे कार्टिंगच्या जागतिक संस्थेने, २०१५ पासून आणला तो उगाच नाही. सरकलेला लगेच दिसतो, म्हणून पुढच्याला मुद्दाम ढकलून ओव्हरटेक करणारी पोरं त्याने जरा जपून राहतात.

वाचनमात्र_होतो
मधला मार्ग कुणी बोलत नाही. रोटॅक्सचं बरं हे की मायक्रो, मिनी, ज्युनियर या सगळ्या वयोगटांचं मूळ इंजिन एकच. सुटे भाग बदलत वर जाता येतं. म्हणजे इंजिन ठेवा, चेसी बदला. पोरगा लवकरच ज्युनियरच्या वयात येईल, तिथं ९५० ची फ्रेम चालणारच नाही, १०४० च्या आसपासची लागते. मग आज तिच्यावर खर्च कशाला?

टूस्ट्रोक
कागदावर छान. पण त्या इंजिनाचं सील (कुणी उघडलं नाही याची खूण) शाबूत आहे का? अधिकृत सेंटरचं सील नाही तर स्क्रूटिनीत (शर्यतीच्या तांत्रिक तपासणीत) बाहेर. आणि लॉगबुक? शेवटचा रीबिल्ड कधी, किती तास झाले? सुमारे ५० तासांनी उघडायची गोष्ट आहे ही.

रंकाळाकाठ
सील आहे. लॉगबुक अर्धंच भरलंय, आधीच्या मालकाने.

लेथवाला
अर्धं लॉगबुक म्हणजे इंजिन आधी उघडा, किटचं नंतर बघू. आणि ज्युनियरची घाई नको. तेवीस हॉर्सपॉवर आणि मोठी फ्रेम बारक्या अंगाच्या पोराला झेपत नाही, मनगटं दुखतात आणि गोडी जाते. एक सीझन हीच चालवा. ब्रेकचे रबरी सील बदला. तेल मात्र मास्टर सिलिंडरवर लिहिलंय तेच भरा, मिनरल तेलात डॉट (दुसऱ्या जातीचं ब्रेक तेल) मिसळलं की रबर फुगून पेडल अडकतं.

दोन_पोरांची_आई
"एक सीझन हीच" म्हणजे चीर असलेल्या फ्रेमवर.

लेथवाला
वेल्ड केलेल्या फ्रेमवर, ताई.

रंकाळाकाठ
इंजिन ठेवावं आणि फ्रेम विकून टाकावी असं आता वाटायला लागलंय. इचलकरंजीचा एक पालक विचारत होता.

टूस्ट्रोक
चीर सांगणार त्याला?

रंकाळाकाठ
फोटो पाठवला आहे. म्हणतोय, वेल्ड करून घेतो, फक्त निम्म्या भावात द्या.

दोन_पोरांची_आई
त्याचं पोर किती वर्षांचं आहे ते विचारलंत का?