आज्जीचा खुबा मोडलाय, वय ८२, ऑपरेशन करावं का?

तासगावकर_पोरगा:
नमस्कार मंडळी. परवा पहाटे आज्जी मोरीत घसरून पडली, उठताच येईना, उजवा पाय बाहेरच्या अंगाला वळलाय आणि डाव्यापेक्षा आखूड दिसतोय. सांगलीत ॲडमिट केलंय, एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले इंटरट्रोकँट्रिक फ्रॅक्चर आहे, रॉड घालावा लागेल, उद्याच करू. घरात दोन पार्ट्या पडल्यात. आत्या म्हणते या वयात कशाला चिरफाड, शुगर बीपी आहे, टेबलावरच काय झालं म्हणजे, त्यापेक्षा हाडवैद्याकडं नेऊन पट्टी बांधू. त्यात शेजारच्या काकूंचा म्हणे गोळा बदललेला, मग आज्जीला रॉड का, डॉक्टर स्वस्तात उरकतायत का महागात पाडतायत कायच कळंना.

फिजिओ_मिरज:
दादा, दोन्ही फ्रॅक्चर वेगळी असतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा, त्याखाली मान आणि मानेखाली तो उंचवट्याचा भाग, ज्याला ट्रोकँटर म्हणतात. गोळ्याला जाणारं रक्त बहुतेक मानेवरूनच जातं, त्यामुळं मान मोडून हाड सरकलं की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते जुळायची खात्री राहत नाही, म्हणून वयस्कर माणसाला गोळाच बदलतात. शेजारच्या काकूंचं तेच झालं असणार. आज्जीचं मोडलंय त्याच्या खाली, तिथं रक्त भरपूर, हाड जुळतं, फक्त जुळेपर्यंत ते जागेवर धरून ठेवायला रॉड पाहिजे. म्हणजे डॉक्टर बरोबर सांगतायत.
पट्टीचं म्हणाल तर खुब्याला पट्टी धरतच नाही, आत मांडीचे जाड स्नायू हाडाला वर ओढत असतात, पाय आखूड दिसतोय तो त्यामुळंच. आणि खरा धोका पडून राहण्यात आहे, छातीत कफ साठून न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, पायात रक्ताची गाठ, पाठीला जखमा. म्हणून शक्यतो २४ ते ४८ तासात ऑपरेशन उरकायचं बघतात. बऱ्याचदा कमरेत इंजेक्शन देऊन करतात, पूर्ण भूल लागतेच असं नाही. शुगर, बीपी, इको (हृदयाची सोनोग्राफी) बघूनच भूलतज्ज्ञ हो म्हणतात. आत्यांना सरळ त्यांच्यासमोर बसवा.

कवठ्याची_सून:
आमच्या सासऱ्यांना सगळ्यांनी मिळून घरीच ठेवलं होतं, मी तेव्हा नवी, मला कोण विचारतंय. माकडहाडापाशी एवढी जखम झाली की कूस बदलताना ओरडायचे बिचारे, हाड राहिलं बाजूला आणि आम्ही ड्रेसिंगच करत बसलो. पुढं सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा मात्र मी हट्टच धरला. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभंपण केलं. पण एक सांगते, रात्री त्या भलतंच बोलायला लागल्या, नर्सला चोर म्हणाल्या, सलाईन उपसलं. आम्ही घाबरलो, वेड लागलं का काय. डॉक्टर म्हणाले म्हाताऱ्या माणसांना असं होतं, बहुतेकांचं ओसरतं, पण झालं की लगेच कळवा. चष्मा, कानाचं मशीन जवळ ठेवायचं आणि रात्री ओळखीचंच माणूस थांबायचं.

माणदेशी७७:
खर्चाचं बघून घ्या. ७० च्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, आधार लागतं, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत. महात्मा फुले योजनेचंपण विचारा. हॉस्पिटल यादीत आहे का ते पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेचा माणूस हॉस्पिटलात बसतो त्याच्याकडून, बघा, नंतर विचारून उपयोग नाही.

तासगावकर_पोरगा:
आत्याला भूलतज्ज्ञांनी समजावलं, आता ती गप्प आहे, म्हणजे हो समजायचं 😅 उद्या सकाळी घेणार आहेत. घरी देशी संडास आहे, त्याचं काय करायचं?

फिजिओ_मिरज:
उकिडवं बसणं सध्या बंद, कमोडची खुर्ची आणा, भाड्यानंपण मिळते. कॉटची उंची वाढवा, मोरीत धरायला दांडा बसवून घ्या. पायावर किती भार द्यायचा ते सर्जन सांगतील तसंच. आणि डिस्चार्जच्या वेळी हाडांच्या ठिसूळपणाचं औषध आठवणीनं विचारा, नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर घरी येऊ नका. साध्या पडण्यानं खुबा मोडला म्हणजे हाडं आधीच पोकळ झालेली असतात, आणि एक बाजू मोडलेल्याची दुसरी मोडायची भीती जास्त.

कवठ्याची_सून:
कमोडची खुर्ची आमची माळ्यावर पडून आहे, पाहिजे तर घेऊन जावा, मेसेज करा.