मदत हवी आहे: मधुमेहासाठी बायपास की स्लीव्ह?

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाला ११ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३८, तीन गोळ्या आणि गेली दोन वर्षं इन्सुलिन, तरी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ९ च्या खाली येत नाही. डॉक्टरांनी आता बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर करतात ती शस्त्रक्रिया सुचवली आहे: बायपास (जठर लहान करून आतड्याचा काही भाग वगळणं) किंवा स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं). बायपासनंतर वजन फारसं उतरायच्या आतच, काही दिवसांत साखर खाली येऊ लागते, कारण आतड्यातल्या जीएलपी-१ सारख्या संप्रेरकांचं प्रमाण बदलतं, हे त्यांनी समजावलं. मला ते पटलंही. पण आजार जुना आणि इन्सुलिन सुरू असेल, तर मधुमेह पूर्ण आटोक्यात येण्याची शक्यता कमी, असंही ते म्हणाले. दादा तिथेच खचला.

तुमच्यापैकी कुणी इन्सुलिनवर असताना ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे का? बायपास केली की स्लीव्ह, आणि का? इन्सुलिन सुटलं का, निदान डोस तरी कमी झाला का? पाच-सात वर्षांनी साखर पुन्हा चढली का, हे तर नक्की सांगा. बी१२, लोह, कॅल्शियम आयुष्यभर घ्यावं लागतं म्हणे. ते रोज जमतं का? निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घेऊ, पण अनुभव ऐकले तर दादाला धीर येईल.