शेवाळातलं लोह : शेवाळाचं की कढईचं?

सागरलाट : शाकाहारी माणसाने लोहासाठी समुद्री शेवाळ खावं, असे मेसेज सारखे येताहेत. त्यात जपानी हिजिकी हमखास असतं. वाळल्यावर चहाच्या पत्तीसारखं दिसतं ते. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात १०० ग्रॅम वाळलेल्या हिजिकीत ५५ मिलिग्रॅम लोह दाखवलेलं असायचं. २०१५च्या आवृत्तीत दोन वेगळे आकडे आले. लोखंडी भांड्यात उकळून वाळवलेलं : ५८.२. स्टीलच्या भांड्यातलं : ६.२. इतकी वर्षं ज्याचं कौतुक झालं ते लोह बहुतांशी भांड्यातून उतरलेलं होतं! कुठलं शेवाळ आणि ते कसं तयार केलं, हे न सांगता पाकिटावर ‘खनिजांनी समृद्ध’ छापायला बंदीच हवी, असं माझं ठाम मत आहे.

तोक्योवासी : अजिबात पटलं नाही. ६.२ सुद्धा कमी नाही. इथे हिजिकी गाजर आणि तळलेल्या तोफूबरोबर सोया सॉसमध्ये शिजवतात, घरोघरी. लोकांचं साधं, चांगलं जेवण आहे ते. एका आकड्यावरून त्याला बदनाम कशाला करायचं?

सागरलाट : जेवणाला नावं ठेवत नाही हो, दाव्याला ठेवतेय. एका वाढपात वाळलेलं हिजिकी ५ ग्रॅम धरा. लोह ०.३ मिलिग्रॅम. ॲनिमिया असलेल्या मुलीला या भरवशावर ठेवायचं? शिवाय हिजिकीत असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे आर्सेनिकचा जास्त विषारी प्रकार, जास्त असतं. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ते खाऊच नका असं सांगितलं.

तोक्योवासी : आर्सेनिकचा मुद्दा अर्धाच मांडलात. हिजिकी कोरडं कोणी खात नाही. भरपूर पाण्यात भिजवायचं, उकळायचं, ते पाणी फेकायचं. बरंच आर्सेनिक त्यातच निघून जातं. रोज वाटीभर खाऊ नये हे मान्य, पण सरसकट बंदीची भाषा मला अतिरेकी वाटते.

पथ्यपाणी : लोह-आर्सेनिकात आयोडीन राहूनच गेलं, आणि आपल्याकडे खरी काळजी त्याची आहे. कोम्बू म्हणजे जपानी सूपसाठी उकळतात ते जाड वाळलेलं शेवाळ. त्याच्या एका ग्रॅममध्ये २ मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असू शकतं. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, आणि आपण आधीच आयोडीनयुक्त मीठ खातो. वर केल्पच्या, म्हणजे कोम्बूसारख्याच शेवाळाच्या, गोळ्या कशाला? थायरॉईडच्या पेशंटने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये.

तोक्योवासी : कोम्बू उकळून बाहेर काढतात की!

पथ्यपाणी : दादा, आयोडीन पाण्यात उतरतं आणि तेच पाणी सूप म्हणून पितात. हिजिकीचं पाणी फेकतात, कोम्बूचं ठेवतात. इथे नेमकं उलटं होतं.

तोक्योवासी : बरोबर, पण इथले लोक सरासरी १ ते ३ मिलिग्रॅम आयोडीन रोज घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही.

पथ्यपाणी : बहुतेकांना. जपानच्या होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर कोम्बू भरपूर खाणाऱ्यांत गलगंड आढळल्याची नोंद १९६०च्या दशकातली आहे.

नवशिकी : मग मुलांच्या सुशीतलं नोरी, म्हणजे भाताभोवती गुंडाळलेलं शेवाळाचं पातळ पान, बंद करू का?

सागरलाट : नाही गं. नोरीत आयोडीन कोम्बूच्या मानाने फारच कमी. एखादं पान खुशाल दे. फक्त ‘शेवाळ पावडर’ एवढंच लिहिलेला डबा घेऊ नकोस. आत कुठलं शेवाळ आहे तेच कळत नाही.

तोक्योवासी : याला मात्र माझा दुजोरा. बंदीला विरोध कायम.