टेबल सॉने फळी उलटी भिरकावली, चुकलं कुठे?

नमस्कार मंडळी,

सुतारकाम निव्वळ हौसेचं. 10 इंची टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर आलेली करवत) घेऊन चार महिने झाले. आतापर्यंत प्लायच कापत होतो, कधी त्रास झाला नाही. रविवारी पहिल्यांदाच भरीव लाकडाची फळी उभी चिरायला घेतली. निम्म्याहून जास्त चिरली गेली आणि अचानक फळी उलटी पोटावर आली. जाड एप्रन होता म्हणून वळावर निभावलं. तेव्हापासून स्विचला हात लावायचा धीर होत नाही.

पात्यामागचा रायव्हिंग नाइफ (चिरलेल्या फटीत राहणारी धातूची पातळ पट्टी) खाच पाडताना काढला होता, तो परत लावायचा आळस केला. हे कबूल. फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवतो ती बाजूची पट्टी, आणि पातं यांतलं अंतर पुढे (माझ्या बाजूला) 80 मिमी, मागे 79 मिमी भरतं. एवढा 1 मिमी नडतो का? आणि हातमोजे घालावेत का?

उत्तर १
नडतो! फळी मागे फेन्स आणि पात्याच्या मध्ये आवळली जाते. मागचे दाते टेबलातून वर येत असतात, ते फळीला उचलून तुमच्याकडे फेकतात. 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे घेत असेल तर दात्याचा वेग ताशी 190 किमीच्या आसपास जातो. त्यात भरीव लाकडात ताण असतो, चिरल्यावर फट मागे मिटू लागते. ती मिटू नये म्हणूनच तो नाइफ. प्लायमध्ये हे सहसा होत नाही, त्यामुळे इतके दिवस सुटलात.

मोजताना प्लग काढा. एकाच दात्यावर खूण करा, तो पुढे आणून मोजा, मग पातं हाताने फिरवून तोच दाता मागे नेऊन मोजा. नाहीतर पात्याचाच बाक मोजाल. उभं चिरायला 24 दात्यांचं पातं घ्या. आणि पात्याच्या रेषेत उभं राहू नका, जरा बाजूला सरका. अरुंद पट्टी असेल तर हात नाही, पुश स्टिक (फळी ढकलायची काठी) वापरा.

उत्तर २
हातमोजे अजिबात नकोत. दात्यात अडकले तर हात आत ओढला जातो. चष्मा मात्र हवाच.

धागाकर्ता
खूण करून मोजलं. फरक फेन्सचाच निघाला, मागचा बोल्ट ढिला होता. आवळला, आता दोन्हीकडे 80. नाइफही बसवला. फक्त तो पात्याच्या अगदी सरळ रेषेत आहे की नाही, हे कसं तपासायचं?

उत्तर १
प्लग काढलेलाच असू द्या. सरळ पट्टी पात्याला टेकवून मागे नाइफपर्यंत न्या. दोन्ही बाजूंनी बघा. नाइफ पात्याच्या दात्यांच्या जाडीबाहेर कुठेच डोकावता कामा नये.