कँटोनीज 'पेइ-कोउ': आरोपी की प्रतिवादी?

झुळूक: हाँगकाँगच्या एका कँटोनीज (तिथली चिनी बोली) बातमीचं मराठी करतेय. फसवणुकीचं प्रकरण आहे, त्यात 'पेइ-कोउ' आलंय. कोशात प्रतिवादी, शेजारीण म्हणते आरोपी. काय लिहू?

नाशिकचा वकील: दिवाणी असेल तर प्रतिवादी, फौजदारी असेल तर आरोपी. यात चर्चा कसली?

झुळूक: वकीलसाहेब, तेच तर कळत नाहीये!

रानजाई: त्यांच्याकडे दोघांना एकच शब्द. 'कोउ' म्हणजे दावा लावणे किंवा फिर्याद करणे, 'पेइ-कोउ' म्हणजे ज्याच्यावर ती केली तो. समोर कोण उभं आहे ते बघ. 'यून-कोउ' म्हणजे वादी असेल तर मामला 'मन-सी', दिवाणी. 'होंग-फोंग', म्हणजे सरकारपक्ष, असेल तर 'यिंग-सी', फौजदारी. आणि शेवटी 'छो-काम' आलं तर प्रश्नच मिटला. शब्दशः 'तुरुंगात बसणे'.

खवय्या: तुरुंगाला 'काम' म्हणतात? माझ्या हापिसात तर बसणं आणि काम यांचा संबंधच नाही.

मिरजकर: सगळीकडे 'गाम' लिहितात हो.

रानजाई: रोमन लिपीत ग. कानाला आपला क.

पंतोजी: मुळात 'फौजदारी', 'दिवाणी' हे फारसी जोखड कशाला? महाराजांनी संस्कृत पर्याय करवून घेतले ते उगाच? 'दंडविषयक', 'नागरी' लिहा.

नाशिकचा वकील: नागरी न्यायालय म्हटलं की लोक पाणीपट्टी भरायला येतील.

रानजाई: तिथेही कागदावरचा शब्द वेगळा, तोंडातला वेगळा. बॅरिस्टर कागदावर 'ताय-लोत-सी', बोलताना 'ताय-चोंग'. यातला 'चोंग' म्हणजे जुन्या काळची लेखी फिर्याद. चिनी भाषेला अधिकृत दर्जा १९७४ साली मिळाला, पण उच्च न्यायालयात कँटोनीजमधून पहिला दिवाणी दावा चालला तो थेट १९९५ मध्ये. कायद्याचे कितीतरी शब्द इंग्रजीवरून बेतलेत ते त्यामुळेच.

खवय्या: पोलिसाला 'छाय-यन' ना? आणि भारतीयांना 'आ-छा'. आमचे काका तिथे होते. म्हणायचे, आपण सारखं 'अच्छा, अच्छा' करतो म्हणून.

रानजाई: दुसरं मत असं की, पूर्वी तिथल्या पोलिसांत शीख पुष्कळ होते, म्हणून 'छाय'वरून. पण तो शब्द हिणवण्याचा आहे, कौतुकाने सांगू नका.

झुळूक: बातमीत 'यून-कोउ' नाही, 'होंग-फोंग' नाही. नुसतं 'कोउ' आहे. आता?

पंतोजी: मराठी माणूस 'अच्छा' कशाला म्हणेल? 'बरं' म्हणेल.

खवय्या: काका इंदूरचे होते.